फाटकाशी अडणारी गाडी

नोएडा
२८ ऑगस्ट १९९७

चि. सुनीतीस,
भाऊकाकाचे आशीर्वाद.

गेल्या पाच वर्षांत मी तुला एकही पत्र लिहिलेलं नाही, आणि आज लिहितोय ते स्वतःच्या कामासाठी. हे मीच आधी कबूल करतो, म्हणजे तुला म्हणून दाखवायचे कष्ट पडायला नकोत. तुझ्या वडिलांनी, म्हणजे आमच्या विश्वासने, फोनवर सांगितलं की पुण्याच्या कारखान्यात नव्या गाड्या तुझ्या सहीशिवाय रस्त्यावर उतरत नाहीत. मला एका जुन्या गाडीबद्दल तुझा अभिप्राय हवा आहे.

माझी गाडी तू पाहिलेली नाहीस. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये असताना सारा जन्म स्कूटर आणि ऑफिसच्या जीपवर गेला. निवृत्तीनंतर इकडे घर बांधलं, आणि ब्याण्णव साली एका वकिलातीने जुन्या गाड्या विकायला काढल्या, त्यातली ही घेतली. जपानी बनावटीची आहे, लांबट, आणि हिच्या चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळते. आमच्या सेक्टरमध्ये अशी दुसरी नाही.

सरळ रस्त्यावर ती उत्तम चालते. पण सावकाश आणि पुरतं वळण घ्यायचं म्हटलं, विशेषतः आमच्या फाटकातून आत यायचं म्हटलं, की कुणीतरी ब्रेक दाबून धरल्यासारखी अडते. थोडा जोर दिला की एकदम उसळी मारते. पंधरा दिवसांपूर्वी फाटकाच्या खांबाला थोडी घासली. एक मेकॅनिक म्हणतो, गिअरबॉक्स गेला. दुसरे सरदारजी म्हणतात, “गाडी बिल्कुल ठीक है, बाऊजी, आप क्लच आराम से छोड़ा करो.” एकोणसत्तराव्या वर्षी मला क्लच सोडायला शिकवतात!

दोष नेमका कुठे आहे ते मला लेखी हवं. लेखी कशाला, ते विचारू नकोस.

तुझा,
भाऊकाका

पुणे
५ सप्टेंबर १९९७

ती. भाऊकाकांना नमस्कार.

“मुलीच्या जातीने काय गाडीखाली शिरायचंय?” हे आमच्या जेवणाच्या टेबलाशी १९८१ साली कोण म्हणालं होतं, ते मी लिहीत नाही. बाबांनी ते ऐकलं असतं, तर आज तुम्हाला सरदारजींचंच ऐकावं लागलं असतं. असो. जुनं भांडण आपण भेटू तेव्हा सावकाश भांडू, मला त्याची घाई नाही.

तुमचं वर्णन वाचून मला एक शंका येते. गाडी वळते तेव्हा पुढची चाकं मोठ्या वर्तुळातून जातात आणि मागची लहान वर्तुळातून, म्हणजे पुढच्यांना जास्त फिरावं लागतं. तुमच्या गाडीत पुढची आणि मागची चाकं एकमेकांना जोडलेली आहेत. मधे एक बंद डबा असतो, त्यात घट्ट तेल असतं, आणि ते तेल दोघांना थोडं मागेपुढे होऊ देतं. तो डबा आवळून बसला तर पुढची चाकं पळू बघतात, मागची त्यांना धरून ठेवतात, आणि ही ओढाताण तुम्हाला ब्रेकसारखी जाणवते. पक्क्या रस्त्यावर ती जास्त, कारण टायरला घसरायला वाव नसतो. मातीवर कमी.

तेव्हा असं करा. सपाट डांबरी रस्त्यावर स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून, पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, न लावता गाडी गोल फिरवा. मग तेच मातीवर करा. एकाने गाडीत बसायचं आणि दुसऱ्याने बाहेर उभं राहून चाकं घासतात का, गाडी अडते का ते बघायचं. बाहेर तुम्ही राहा. तुमची नजर अजून फायलीतला स्वल्पविराम पकडते, हे मला माहीत आहे. जे दिसेल तेच लिहा. जे दिसायला हवं असं वाटतं ते नको.

काकूंना नमस्कार.

सुनीती

नोएडा
१४ सप्टेंबर १९९७

चि. सुनीतीस आशीर्वाद.

तुझ्या पत्रात सांगितल्याप्रमाणे चाचणी घेतली. घरामागे एक मोकळा प्लॉट आहे आणि त्याच्यापुढे रहदारी नसलेला डांबरी रस्ता. दोन्ही घरापासून शंभर पावलांवर आहेत. मी बाहेर उभं राहायचं म्हणजे गाडीत कुणीतरी हवं, म्हणून तुझ्या काकूला बसवलं. तिने जन्मात स्टिअरिंग धरलेलं नव्हतं. क्लच मी खिडकीतून सांगत होतो. “हळूहळू सोड” म्हटलं की ती एकदम सोडायची आणि “सोड” म्हटलं की धरून ठेवायची. चार वेळा गाडी बंद पडली. पाचव्या वेळी निघाली, आणि मग तिला थांबवणं कठीण झालं.

निष्कर्ष लिहितो. डांबरावर डावीकडे तीन फेऱ्या, उजवीकडे तीन फेऱ्या. मातीवर तितक्याच. गाडी कुठेही अडली नाही. टायर घासल्याचा आवाज आला नाही. शिकाऊ बाईच्या हाती गाडी गरीब गायीसारखी फिरली.

नंतर एक फेरी मी स्वतः घेतली. तेव्हाही अडली नाही.

जे दिसलं तेच लिहायला तू सांगितलं होतंस.

भाऊकाका

पुणे
२० सप्टेंबर १९९७

ती. भाऊकाकांना नमस्कार.

इतका प्रामाणिक अहवाल आमच्या विभागातली तरणीताठी माणसंही देत नाहीत. पण तो वाचून मला आनंद झाला नाही, कारण तुम्हाला वेगळं उत्तर हवं होतं, हे उघड दिसतंय.

डबा आवळलेला असता तर डांबरावर गाडी अडलीच असती. काकूंच्या हाती तर नक्की. ब्रेक कुठे धरत असते तर मातीवरही कळलं असतं. दोन्ही झालेलं नाही. या चाचणीवरून तरी गाडीत दोष दिसत नाही, काका.

क्लचची सवय वयानुसार बदलते. आमच्याकडचे पट्टीचे ड्रायव्हरसुद्धा साठीनंतर थोडे बदलतात, त्यात कमीपणा काही नाही. फाटकाशी आलात की जरा थांबून, श्वास घेऊन वळण घ्या. आणि मला पुन्हा लिहा. कामाशिवायही.

सुनीती

नोएडा
२९ सप्टेंबर १९९७

प्रिय सुनीती,

मी चंद्रप्रभाकाकू. हे पत्र तुझ्या काकांना न सांगता लिहिते आहे, तेव्हा उत्तर पाठवशील त्यात माझा उल्लेख केलास तरी चालेल, पण ओरडा मलाच पडेल हे लक्षात ठेव.

तुला यातलं अर्धंच माहीत आहे. गाडी खांबाला ‘थोडी घासली’ नव्हती. फाटकाचं एक दार निखळलं आणि अविनाश तिथेच उभा होता. त्याचा पाय थोडक्यात वाचला. त्याने त्याच दिवशी हात पुढे केला. “बाबा, बस झालं यार. आता तुमचे रिफ्लेक्सेस गेले. चलो, किल्ली द्या.” ह्यांनी दिली. तेव्हापासून किल्ली त्याच्याकडे आहे, आणि दिवाळी झाली की गाडी विकायची असं ठरलं आहे. मुलगा वाईट नाही गं, घाबरला आहे. हे त्याला एवढंच म्हणत होते, की दोष गाडीचा आहे आणि मी तो लेखी सिद्ध करीन.

मग तुझं पत्र आलं. ह्यांनी ते वाचलं, घडी घातली, आणि अविनाश जेवायला बसला तेव्हा स्वतःच त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. “लेखी आलं,” एवढंच म्हणाले. तेव्हापासून हे रोज पेपर उघडून बसतात आणि पान उलटत नाहीत. दर दसऱ्याला हे गाडीला एक नवा टायर आणतात, झेंडूची माळ त्यालाच आधी. नवा टायर पुढे लावायचा आणि पुढचा जुना मागे ढकलायचा, ठरलेलं. पाच वर्षांत चुकलं नाही. या वर्षी दसरा तोंडावर आला तरी ह्यांनी टायरचा विषयसुद्धा काढलेला नाही, त्यावरून समज.

आणखी एक. तुझी चाचणी आम्ही चोरून घेतली. अविनाश ऑफिसात गेला की दुसरी किल्ली माझ्या शिवणाच्या डब्यातून काढायची आणि तो यायच्या आत गाडी जागेवर. शंभर पावलांच्या पलीकडे न्यायची हिंमत नव्हती. मला आपलं वाटतं, की ही गाडी जाताना कधी रुसत नाही. आम्ही दिल्लीला महाराष्ट्र सदनात जेवायला जायचो, तेव्हा जाताना अगदी शहाणी. दिल्लीहून परत आलो की फाटकाशी हट्ट. पण मी काय सांगणार, मला त्यातलं काय कळतं.

माझ्या वयाला लायसन्स मिळतं का गं? सहज विचारते.

तुझी काकू

पुणे
३ ऑक्टोबर १९९७

ती. भाऊकाकांना नमस्कार.

तुमची माफी मागते. चूक माझी आहे. दसऱ्याचा टायर आणू नका, आधी हे वाचा.

काकूंनी मला सगळं लिहिलं आहे. त्यांना बोलू नका. जे तुम्ही लपवलंत ते त्यांनी सांगितलं, म्हणून आपण वाचलो. तुम्ही गाडी थंड असताना फिरवलीत, आणि गाडी आधी तापवा हे मी सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही. उलट तुम्हाला श्वास घ्यायला सांगितलं! मला स्वतःचा राग आला आहे.

पुढचे टायर सर्वांत नवे आणि मागचे सर्वांत झिजलेले. झिजलेलं चाक लहान असतं, त्याला तेवढंच अंतर कापायला जास्त फिरावं लागतं. म्हणजे सरळ रस्त्यावरसुद्धा पुढची आणि मागची जोडी सारखी मागेपुढे होत राहते, आणि मधल्या डब्यातलं तेल सारखं घुसळलं जातं. साध्या गाडीला याने काही होत नाही. तुमच्या गाडीला होतं. ते तेल खास असतं, साध्या तेलासारखं तापून पातळ होत नाही; वीस-पंचवीस किलोमीटर गेलं की ते तापून फुगतं आणि डबा आवळतो. नेमके तेव्हाच तुम्ही घरी पोचता आणि फाटकाशी पुरतं वळण घेता. म्हणून सगळ्यांनी ते फाटकाशीच पाहिलं.

आता दोन गोष्टी करा. प्रत्येक टायरवर आणि त्याच्याखाली जमिनीवर खडूची खूण करा. गाडी सरळ ढकला, चाकाच्या पाच पूर्ण फेऱ्या होऊ द्या आणि अंतर मोजा. दुसरं, अविनाशलाच गाडी दिल्लीला घेऊन जाऊ दे आणि त्यालाच परत आणू दे. फाटकातून आत त्यानेच घ्यायची. तुम्ही काही बोलू नका. तुम्हाला ते कठीण जाईल, पण नका बोलू.

सुनीती

नोएडा
१३ ऑक्टोबर १९९७

चि. सुनीतीस अनेक, अनेक आशीर्वाद.

खडू काकूच्या शिवणातला, टेप तिचीच. अविनाशला तुझं पत्र दाखवलं. तो म्हणाला, “अच्छा, सुनीतीताई म्हणते तर बघू.” ढकलायला तोच होता. पुढच्या चाकांत आणि मागच्या चाकांत पाच फेऱ्यांत जवळजवळ एक वीत फरक निघाला. मी तीनदा मोजलं. टायर चारही एकाच कंपनीचे, एकाच मापाचे, म्हणून माझ्या मनात कधी शंकाच आली नव्हती. दरवर्षी एक बदलायचा म्हणजे चारही बरे राहतात, असा माझा हिशेब. ऑफिसात खुर्च्या आम्ही अशाच बदलायचो.

दसऱ्याच्या सकाळी अविनाश गाडी घेऊन निघाला. मी मागे बसलो, काकू पुढे. सदनाला वळसा घालून परत आलो. वाटेत मी तोंड उघडलं नाही, याला काकू साक्षीदार आहे. फाटकाशी त्याने स्टिअरिंग वळवलं आणि गाडी अडली. त्याने क्लच सोडला, बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. तिसऱ्या वेळी त्याने जोर दिला तेव्हा तिने अशी उसळी मारली की खांब चार बोटांवर राहिला. शेजारचे लोक सोनं द्यायला आले होते, ते बघत उभे. अविनाशने इंजिन बंद केलं. मग मागे वळला आणि म्हणाला, “सॉरी, बाबा.” माझे डोळे भरून आले. हे तुला लिहायला मला लाज वाटत नाही.

दुपारी चारही टायर एकदम नवे आणले. माळ चौघांनाही घातली. काल तीस किलोमीटर फिरून आलो, मी स्वतः चालवत, आणि गाडी फाटकातून अशी आत आली की काही विचारू नकोस. किल्ली माझ्याकडे आहे आणि विकायचा विषय बंद झाला.

१९८१ साली मी जे म्हणालो ते चूक होतं. तेव्हाही चूक होतं, तू मोठी झाल्यामुळे चूक ठरलेलं नाही. हेही लेखी असू दे.

तुझा,
भाऊकाका

पुणे
२२ ऑक्टोबर १९९७

ती. भाऊकाकांना नमस्कार.

तुमचं पत्र मी ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटचा परिच्छेद मात्र वाचला नाही, तो माझा आहे. सोळा वर्षं मी त्या वाक्याचं उत्तर मनात तयार ठेवलं होतं. आता त्याचं काय करू ते कळत नाही. बरं वाटलं, काका.

आता माझी फी. काकूंना गाडी शिकवा. बाहेरच्या शाळेत पाठवू नका, तुम्ही शिकवा. माझ्या चाचणीची निम्मी मेहनत त्यांची आहे, आणि त्यांनी मला लायसन्सचं ‘सहज’ विचारलं आहे. दिवाळीनंतर सुरू करा. “या वयात कशाला” हे वाक्य लिहिलंत तर मी पत्र परत पाठवीन.

सुनीती

नोएडा
९ फेब्रुवारी १९९८

चि. सुनीतीस आशीर्वाद.

काकूला गेल्या महिन्यात लायसन्स मिळालं. परीक्षा घेणाऱ्याने विचारलं, “माताजी, इस उम्र में?” ती म्हणाली, “जी बिल्कुल, इसी उम्र में.” तिने तुला फोनवर सांगितलंच असेल. त्यामागची एक गोष्ट तिने सांगितलेली नाही, कारण तेव्हा ती तिला माहीत नव्हती, असं मी धरून चाललो होतो.

शिकवायला मी डावीकडे बसू लागलो. माझ्याच गाडीत त्या बाजूला मी कधी बसलो नव्हतो. शिकाऊ माणसाशेजारी बसलं की आपला पाय आपोआप ब्रेक शोधतो, तुला माहीत असेल. माझाही शोधायचा आणि पायपुसण्यावर आपटायचा. डिसेंबरभर मला वाटलं, ही उगाच घाईने ब्रेक लावते. तसं बोललोही. मग जानेवारीत एकदा समोर सायकलवाला आडवा आला आणि माझ्या लक्षात आलं. तिचा पाय पडला, गाडी हळू झाली, आणि त्यानंतर माझा पाय आपटला. ती तीन महिन्यांची ड्रायव्हर.

एकदा दिसलं म्हणून मानायचं नाही, ही तुझीच शिकवण. मी तिच्या नकळत बघत राहिलो. सकाळी, जेवणानंतर, गाडी थंड असताना, दिल्लीहून परत येताना. वीस वेळा पाहिलं. वीसही वेळा तिचा पाय आधी, माझा मागून. एकदाही उलट झालं नाही.

मला फार वाईट वाटलं, सुनीती. फाटकाच्या बाबतीत अविनाश चुकला होता आणि माझ्या बाबतीत चुकला नव्हता. दसऱ्यापासून मी सगळ्या सेक्टरला सांगत सुटलो होतो की दोष टायरचा निघाला. तो निघालाच होता. पण टायर बदलून झाल्यावर दुसरं काही बघायचंय, असं माझ्या मनातही आलं नाही. कुणी सायकलवाला माझ्या चाकाखाली आला नाही, हे नशीब.

तिला कसं सांगायचं, याची वाक्यं मी दोन दिवस जुळवत होतो. तिला धक्का बसेल, अविनाशपुढे मला मान खाली घालावी लागेल म्हणून ती रडेल, असं वाटत होतं. काल सरोजिनी नगरला जुन्या शेजाऱ्यांकडे जायचं होतं. गाडीशी आलो, तिने नेहमीप्रमाणे किल्ली माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, “आज तुम्ही?”

मी म्हटलं, “नाही. यापुढे तूच.” आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सायकलवाला, वीस वेळा, पायपुसणं, सगळं. ती ऐकत होती. मधे एकदाही तिने “काय सांगता!” असं म्हटलं नाही. उजवीकडे जाऊन बसली, मला आत यायची खूण केली, मी बसेपर्यंत थांबली.

“मला दोन वर्षांपासून माहीत आहे,” ती म्हणाली.

“मग बोलली का नाहीस?”

“अविनाश बोलला तेव्हा तुमचं काय झालं, ते पाहिलं ना मी.” तिने आरसा स्वतःच्या उंचीला वळवून घेतला. “मी शिकले कशासाठी, असं वाटलं तुम्हाला?”

आणि तिने गाडी फाटकातून बाहेर काढली.

तुझा,
भाऊकाका